तेवीस चुका काढल्या, आणि अक्कांनी लिहायचंच सोडलं

पत्र (थोडं लहान करून देतेय):

नमस्कार काकू, मी ३४ वर्षांची, जुळे सोलापूरला राहते, बीए इंग्लिशमधून केलंय आणि एका ऑफिसात नोकरी करते. दर रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ जण इंग्लिश लिहायला जमतात. सगळे मोठे आहेत, एक जण टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहेत, एक अक्का युनिफॉर्म शिवतात, एकीची पोरगी इंग्लिश मीडियमला आहे म्हणून ती येते. फी वगैरे काही नाही. प्रत्येकानं आठवड्यात आठ-दहा ओळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आणि मी तपासून द्यायच्या असं ठरलंय. मागच्या महिन्यात युनिफॉर्म शिवणाऱ्या अक्कांनी (वय ४६, घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी) मुलगा पुण्याला नोकरीला गेला त्यावर नऊ ओळी लिहिल्या. मी नेहमीसारखं नीट तपासलं, २३ चुका लाल केल्या, खाली पूर्ण पॅरेग्राफ दुरुस्त करून लिहिला आणि वर 'छान प्रयत्न, पण बेसिक ग्रामरवर काम करायला हवं' असं टाकलं. त्यानंतर तीन आठवडे झाले, त्यांची एक ओळ नाही, नुसता अंगठा येतो. बाकीचे पण आता दोन-तीन ओळींवर आलेत. काकू, चुका सांगितल्या तर माणसं गळतात आणि नाही सांगितल्या तर मी तिथं आहे कशाला? अक्कांचं लिखाण आणि माझी दुरुस्ती दोन्ही सोबत पाठवतेय.

उत्तर:

काकू म्हटलंस म्हणून मी तुला अगं-तुगंच करते, चालेल ना. रविवारची दुपार म्हणजे जेवून जरा आडवं व्हायची वेळ, त्यात सोलापूरचं ऊन, आणि ती वेळ तू नऊ माणसांना देतेस, तेही पैसे न घेता. हे आधी सांगते कारण पुढे मी तुला थोडं बोलणार आहे आणि ते बोलणं रागाचं नाहीये.

अक्कांच्या ओळी पाठवल्यास ते फार बरं केलंस. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून त्यातल्या सहा इथं देते, जशाच्या तशा:

माय सन इज गॉट जॉब इन पुणे. ही इज गो बाय हुतात्मा एक्सप्रेस इन मॉर्निंग. आय गिव्ह हिम शेंगा चटणी अँड कडक भाकरी. ही से मम्मी डोन्ट क्राय. आय ॲम नॉट क्राय. व्हेन ट्रेन गो आय सिट ऑन पायरी अँड क्राय.

मी हे तीनदा वाचलं गं. पोरगं समोर होतं तोवर बाईनं धरून ठेवलं आणि गाडी हलल्यावर स्टेशनच्या पायरीवर बसून रडून घेतलं. माझा थोरला शिकायला बाहेर गेला तेव्हा मी पण हेच केलं होतं, फक्त मी रिक्षात केलं. मला ते मराठीत सुद्धा कधी कुणाला लिहून सांगता आलं नाही, आणि अक्कांनी ते ४६ व्या वर्षी, दिवसभर मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवून झाल्यावर, त्यांच्या चौथ्या-पाचव्या भाषेत लिहिलं. घरी तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी, शेजारी कन्नड, कारखान्यात हिंदी, ही सोलापूरची रीतच आहे, पण आपण ती धरतच नाही, इंग्लिश येत नाही एवढंच धरतो.

आता तुझा दुरुस्त पॅरेग्राफ बघ. शेंगा चटणीचं तू पीनट चटणी केलंस. कडक भाकरीचं ड्राय ब्रेड केलंस. 'ही से मम्मी डोन्ट क्राय' याचं 'ही कन्सोल्ड मी' केलंस आणि शेवटच्या ओळीचं 'आफ्टर द ट्रेन लेफ्ट आय बिकेम इमोशनल'. ग्रामर एकदम बरोबर आहे, माझी काही हरकत नाही. पण यात पायरी कुठाय? पोरगं 'मम्मी रडू नको' म्हणालं ते कुठाय? ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, वाळवून कडक केली की ती महिना-महिना टिकते, म्हणून तर आपल्याकडच्या आया पोरं बाहेरगावी निघाली की डबा भरून देतात, आणि ड्राय ब्रेड म्हटलं की बेकरीतला टोस्ट डोळ्यापुढे येतो. त्या २३ लाल खुणांनी अक्का गप्प झाल्या असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही. मला वाटतं आपलं लिहिलेलं कुणी वाचलंच नाही हे त्यांना कळलं. बाईनं रडले म्हणून सांगितलं आणि समोरून उत्तर आलं की बेसिक ग्रामरवर काम करायला हवं. तूच सांग, तू पुढच्या आठवड्यात काय लिहिलं असतंस?

म्हणून पहिली गोष्ट, आधी उत्तर दे, तपासणं नंतर. कुणाचं पत्र आलं की आपण त्यातल्या बातमीवर बोलतो ना, तसं. आणि ते उत्तर साध्या इंग्लिशमध्ये दे, त्यांचेच शब्द बरोबर रूपात घेऊन. म्हणजे असं: 'सो ही वेन्ट बाय हुतात्मा. यू गेव्ह हिम शेंगा चटणी. ही सेड मम्मी डोन्ट क्राय, अँड यू सॅट ऑन द पायरी अँड क्राइड. आय क्राइड टू. डिड ही फाइंड अ रूम इन पुणे?' बघ, यात तू एकही चूक काढली नाहीस पण वेन्ट, गेव्ह, सेड, सॅट, क्राइड सगळे त्यांच्या नजरेखालून गेले, आणि शेवटी तू एक प्रश्न विचारलास म्हणजे त्यांना परत लिहायला कारण मिळालं. लहान पोर 'मी पडला' म्हणालं की आई 'पडलास होय रे, कुठं लागलं?' म्हणते, ते पोर असंच तर शिकतं. मोठ्या माणसाला नुसतं एवढ्यावर सगळं लक्षात येत नाही हे मला माहितीय, त्यासाठी पुढची गोष्ट.

पुढची गोष्ट म्हणजे एक चूक निवडायची. एकच. २३ मधली कुठली, हे ठरवणं हेच खरं तुझं काम आहे आणि तुझं बीए तिथं कामाला येतं.

अक्कांच्या ओळी परत बघ, त्या २३ चुका वेगवेगळ्या नाहीतच. इज गॉट, इज गो, ॲम नॉट क्राय, गिव्ह, से, गो, सिट, क्राय, या सगळ्यांचं मूळ एक आहे: होऊन गेलेली गोष्ट सांगताना क्रियापद बदलत नाहीये, आणि बदलत नाही म्हणून कुठंतरी इज नाहीतर ॲम चिकटवलं जातंय. ते का चिकटतं? एक तर शाळेत ही इज, शी इज, आय ॲम इतकं घोकून घेतलंय की आय म्हटलं की ॲम आपोआप येतं, आणि दुसरं म्हणजे मराठीत आपण 'मिळाली आहे', 'जातो आहे', 'सहमत आहे' असं आहे कुठंही लावतो, म्हणून तर बँकेतला मॅनेजर सुद्धा 'आय ॲम अग्री' म्हणून जातो. हे त्यांना मराठीतून सांग, की अक्का, गेला, दिली, म्हणाला, बसले, रडले असं आपण म्हणतोच ना, मग इंग्लिशमध्ये पण गोचं वेन्ट, गिव्हचं गेव्ह, बस्स. एवढ्या एका गोष्टीत त्यांच्या निम्म्या चुका जातात. मग त्यांनाच म्हण, तुमच्याच ओळीत अजून अशी दोन क्रियापदं आहेत, ती तुम्ही शोधा. स्वतः शोधून स्वतः खोडून लिहिलेलं जितकं लक्षात राहतं तितकं तुझ्या लाल खुणेनं राहत नाही. 'आय ॲम नॉट क्राय' मात्र यात धरू नको, तिथं डिडन्ट क्राय होतं आणि डिड आला की क्रियापद परत मूळ रूपात जातं, आत्ताच क्राइड शिकलेल्या माणसाला लगेच 'इथं क्राइड नाही' म्हटलं की सगळंच गोंधळतं. ते पुढच्या आठवड्यात.

आणि अ, ॲन, द? तू त्या नऊ ओळींत सात ठिकाणी द घातलाय. सोड ते सध्या. मराठीत असला शब्दच नाही, तेलुगूत नाही, कन्नडमध्ये नाही, म्हणजे सोलापुरात माणूस कुठल्याही गल्लीत वाढला तरी द कुठं लावायचा याची सवय त्याच्या कानाला कुठूनच मिळत नाही. ते वाचून वाचून सावकाश येतं आणि द नसल्यामुळे अर्थ बहुतेक वेळा अडत नाही. तसंच कॅपिटल अक्षरांचं, आपल्या या तिन्ही भाषांच्या लिपीत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही, त्यात फोनवर टाइप केलेलं, त्याला लाल खूण कशाला?

अजून एक फरक मनात ठेव. पिट कॉर्डर नावाच्या भाषातज्ज्ञानं १९६७ साली हे मांडलं होतं, की घाईत, दमून, झोपेत झालेली चूक वेगळी आणि नियमच अजून माहीत नाही म्हणून होणारी चूक वेगळी, आणि ही दुसरी चूक शिकणारा कुठपर्यंत आलाय ते सांगते. अक्कांनी एकदा बरोबर आणि एकदा चुकीचं लिहिलं असेल तर ती पहिली, तिथं काही बोलायची गरज नाही, त्यांची त्या बघतील. प्रत्येक वेळी तीच चूक येतेय तर तिथं शिकवायचं.

चुका दुरुस्त केल्यानं लिखाण सुधारतं का यावर पण जाणकारांत मोठं भांडण झालंय. जॉन ट्रस्कॉटनं १९९६ साली सरळ लिहिलं की ग्रामरच्या दुरुस्त्यांनी फायदा होत नाही, उलट नुकसान होतं, सोडून द्या. डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं की इतक्या लवकर निकाल लावू नका, दुरुस्ती कशी करता त्यावर आहे. नंतर एखाद-दुसरीच चूक धरून केलेल्या दुरुस्तीवर अभ्यास झाले आणि त्यात फायदा दिसला. माझा स्वतःचा अनुभव याच बाजूचा आहे, एक धरली की ती सुटते, सगळ्या धरल्या की माणूस सुटतो.

आता तू म्हणशील की तुमचे सुपरवायझर दादा तर म्हणतात मॅडम सगळ्या चुका काढा. बरोबर आहे त्यांचं, त्यांना कदाचित परगावच्या पार्टीला मेल पाठवायचा असतो, त्यात टॉवेलचे नग आणि तारीख असते, तिथं चूक म्हणजे नुकसान. बाहेर जाणारा मेल, नोकरीचा अर्ज, पोरीच्या शाळेला द्यायची चिठ्ठी, असलं काही असलं की शेजारी बसून सगळं बरोबर करून दे, एक स्पेलिंग सुद्धा सोडू नको. पण ते काम वेगळं आणि आठवड्याच्या ओळी वेगळ्या, दोन्हीला एकच लाल पेन लावू नको. आणि त्या मेलमध्ये सुद्धा जे चूक नाही ते चूक ठरवू नको. 'प्लीज डू द नीडफुल' जुन्या पद्धतीचं आहे पण आपल्याकडच्या ऑफिसांत सगळ्यांना कळतं, आणि प्रीपोन (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत गेलाय.

प्रत्येकालाच विचार ना, या आठवड्यात मी तुमचं काय बघू? कुणी म्हणेल स्पेलिंग, कुणी म्हणेल नुसतं वाचा, कुणी म्हणेल मला इन-ऑन-ॲट मध्ये घोळ होतो तेवढं बघा (होणारच, आपल्याला घरात, टेबलावर, पाचला असं मागे जोडायची सवय). मोठ्या माणसाला आपलं लिखाण आपल्या हातात आहे असं वाटायला लागतं त्यानं. ग्रुपवर सगळ्यांसमोर फक्त बातमीला उत्तर, दुरुस्ती प्रत्येकाला वेगळी, जमलं तर व्हॉइस मेसेज करून, कारण आवाजात माया कळते आणि लाल अक्षरात कळत नाही. दुसऱ्यांच्या ओळींत चुका काढायची ग्रुपमध्ये कुणाला हौस असेल तर त्यांना एकच काम दे, आवडलेली एक ओळ निवडून का आवडली ते सांगायचं.

कौतुकाचं पण सांगते. 'छान प्रयत्न, पण' मधला पण आला की आधीचं सगळं पुसलं जातं. आणि नुसतं व्हेरी गुड म्हणू नको, ४६ वर्षांच्या बाईला आपलं इंग्लिश व्हेरी गुड नाही हे चांगलं माहीत असतं. नेमकं काय चांगलं ते सांग. अक्कांना इंग्लिश शब्द आठवला नाही तर त्या थांबल्या नाहीत, पायरी लिहून पुढे गेल्या, हे फार मोठं आहे, शिकणारे बरेच जण तिथंच अडून फोन खाली ठेवतात. 'व्हेन ट्रेन गो आय सिट' यात त्यांनी दोन गोष्टी जोडून एक वाक्य केलंय, तीन महिन्यांपूर्वी करत होत्या का? जुने मेसेज उघडून बघ आणि त्यांना दाखव.

मी हे एवढं मनापासून का लिहितेय ते पण सांगते. मी तिशीत नोकरीला लागले, आणि पहिल्याच वर्षी आजारी सासूबाईंसाठी चार दिवसांची रजा हवी होती म्हणून रात्री जागून इंग्लिशमध्ये अर्ज लिहिला. साहेबांनी त्यावर पेनानं गोल केले आणि ऑफिसात सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचला. रजा मिळाली. पण त्यानंतर सहा वर्षं मी इंग्लिशमध्ये एक ओळ लिहिली नाही. मग एक मैत्रीण भेटली, तिला मी दर महिन्याला इंग्लिशमध्ये पत्र लिहायचे, ती उत्तरात माझ्याच गोष्टी बरोबर इंग्लिशमध्ये परत लिहून पाठवायची, वर विचारायची पुढे काय झालं. मला तेव्हा कळलं पण नाही की ती मला शिकवतेय.

आता अक्कांचं. मेसेज करू नको, जा. संध्याकाळी त्यांची मशीन बंद व्हायच्या वेळेला जा, चहा घे, आणि आधी विचार की पोराचा फोन येतो का, जेवणाचं काय करतो. त्यांना पोटभर बोलू दे. मग सरळ सांग की अक्का, तुम्ही लिहिलेलं मी त्या दिवशी वाचलंच नाही, नुसत्या चुका बघितल्या, माझं चुकलं, काल परत वाचलं तेव्हा रडू आलं. इंग्लिशचा विषय त्या दिवशी तिथंच सोड, 'परत लिहा ना' म्हणून आग्रह पण करू नको.

मात्र त्यांच्याकडं एक मागणी कर. म्हणावं, मला तेलुगू शिकवा. जन्म सोलापुरात गेला आणि शेजारणीची भाषा येत नाही, असं आपल्यात कितीतरी जणींचं आहे. पाच ओळी मराठी अक्षरांतच लिही, तुझ्या घराबद्दल, आणि त्यांच्याकडून तपासून घे. तेलुगूत 'ती गेली' आणि 'ते गेलं' याला क्रियापदाचं रूप एकच असतं, तिथं तू नक्की अडखळशील, आणि अक्का ते कसं सांगतात ते नीट बघ. त्या पाच ओळी रविवारी ग्रुपवर सगळ्यांसमोर टाक, चुकांसकट.

पुढच्या एखाद्या रविवारी सगळ्यांना भैय्या चौकात कोटणीस स्मारकात घेऊन जा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा २७ वर्षांचे होते, चिनी त्यांनी तिथं गेल्यावर शिकली, आणि १९४२ मध्ये तिथंच वारले तोपर्यंत त्याच भाषेत जखमींना तपासलं, तिथल्या लोकांना शिकवलं. मोठ्या वयात नव्या भाषेत घर करणारा माणूस आपल्याच गावचा आहे हे बघून आल्यावर माणसं काय लिहितात ते मला वाचायला आवडेल, आणि द कुठं राहिला असेल तर राहू दे.

तेलुगूच्या पाच ओळी अक्कांनी कशा तपासल्या ते कळव. आणि पोराला रूम मिळाली का, भाकरी किती दिवस पुरली, ते पण विचारून लिही, मला तेव्हापासून त्याचीच काळजी लागलीय.